बदलते नियम आणि न बदलणारी अमानत

जानेवारी 2022 मध्ये कोरोनाची तिसरी लाट आली, तेव्हा अहवाल पॉझिटिव्ह आलेल्या माणसासमोर औषधाच्या आधी एक प्रश्न उभा राहत असे: घरात वेगळे किती दिवस राहायचे? घरातील वडीलधारे चौदा दिवस सांगत, कारण पहिल्या लाटेत त्यांनी तेच ऐकले होते. शेजारी दहा सांगे. मोबाईलवर आलेल्या संदेशात सात लिहिलेले असत. दोन अहवाल निगेटिव्ह आल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, असे ठामपणे सांगणारेही भेटत.

हा प्रश्न केवळ आकड्यांचा नव्हता. आपल्या बीड जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीवर जगतात. पती-पत्नी मिळून एक कोयता मानला जातो, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी फडातला एकेक दिवस मोलाचा असतो. अशा कुटुंबाला तीन दिवस अधिक घरी बसणे म्हणजे तीन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडणे होय. दुसऱ्या बाजूस, तीन दिवस आधी बाहेर पडलेला माणूस घरातील मधुमेही आईच्या किंवा मशिदीतील वृद्ध नमाजीच्या जिवाला धोका निर्माण करू शकत होता. एका बाजूस रोजी आणि दुसऱ्या बाजूस प्राण, अशा पेचात श्रद्धावंताने कोणता नियम पाळायला हवा होता?

साथ ओसरली, पण एक समजूत मागे राहिली. ‘नियम रोज बदलत होते, म्हणजे ते खोटेच होते,’ असे आजही बोलले जाते. ही समजूत दूर झाली नाही, तर पुढील संकटात लोक कोणाचेच ऐकणार नाहीत. म्हणून या विषयाचा शरीअतच्या प्रकाशात शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

नियम कसे बदलले?

साथीच्या आरंभी रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी चोवीस तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह अहवाल आवश्यक होते. 8 मे 2020 रोजी केंद्र शासनाने हे धोरण बदलले आणि सौम्य लक्षणांच्या रुग्णासाठी पुन्हा चाचणीची अट काढून टाकली. 10 मे 2020 च्या सूचनांनुसार घरी राहणाऱ्या रुग्णाचे विलगीकरण लक्षणे सुरू झाल्यापासून 17 दिवसांनी संपत असे. 2 जुलै 2020 रोजी हा कालावधी 10 दिवसांवर आला, मात्र त्यानंतर आणखी 7 दिवस घरीच राहून प्रकृतीवर लक्ष ठेवण्यास सांगितले गेले. 28 एप्रिल 2021 च्या सूचनांमध्ये 10 दिवस आणि शेवटचे 3 दिवस ताप नसणे एवढीच अट राहिली. 5 जानेवारी 2022 रोजी हा कालावधी चाचणीपासून 7 दिवसांवर आला, 3 दिवस ताप नसण्याची अट मात्र कायम राहिली.

या बदलांमागे कारणे होती. सौम्य आजारात दहा दिवसांनंतर रुग्णाकडून जिवंत विषाणू बाहेर पडण्याची शक्यता फार कमी असते, असे अभ्यासातून दिसून आले. चाचणी मात्र विषाणूच्या निर्जीव अवशेषांमुळेही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून दोन निगेटिव्ह अहवालांचा आग्रह मागे पडला. पुढे लसीकरण झाले, विषाणूचा प्रकार बदलला आणि दिवस आणखी कमी झाले. अमेरिकेनेही डिसेंबर 2021 मध्ये लक्षणे नसलेल्या वा कमी होत असलेल्या रुग्णांसाठी दहा दिवसांचे पाच दिवस केले. म्हणजे हा गोंधळ आपल्या जिल्ह्यापुरता किंवा आपल्या देशापुरता नव्हता.

गोंधळाचे आणखी एक कारण भाषेत होते. रुग्णाने वेगळे राहणे आणि रुग्णाच्या संपर्कात आलेल्या निरोगी माणसाने वेगळे राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, परंतु मराठीत दोहोंना सर्रास ‘विलगीकरण’च म्हटले गेले. संपर्कातील माणसाचे चौदा दिवस हे रोग प्रकट होण्यास लागणाऱ्या काळाचे होते, तर रुग्णाचे दहा दिवस हे रोग पसरवण्याच्या काळाचे होते. ‘आजाऱ्याला दहा आणि धडधाकट माणसाला चौदा, हा कुठला न्याय?’ या प्रश्नाचे उत्तर या भेदात आहे.

बीड जिल्ह्याने हे बदल जवळून पाहिले. मार्च 2020 मध्ये राज्यात हातावर शिक्के मारणे सुरू झाले. एप्रिलमध्ये ऊसतोड मजुरांना गावी परतण्याची परवानगी मिळाली, तेव्हा स्वतःच्याच गावात त्यांना वेगळे राहावे लागले. पुढे 25 मे 2021 रोजी राज्य शासनाने रुग्णसंख्या अधिक असलेल्या 18 जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड केंद्रात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांत बीडचाही समावेश होता. ज्या घरात राहणे काल योग्य होते, तेथे राहणे आज नियमबाह्य ठरले. सामान्य माणूस गोंधळला असेल, तर त्यात नवल नाही.

कुर्बानीच्या मांसाचे तीन दिवस

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात या संदर्भात एक बोधप्रद प्रसंग आढळतो. एका वर्षी त्यांनी आदेश दिला की, कुर्बानीचे मांस तीन दिवसांपेक्षा अधिक काळ घरात साठवू नये. पुढील वर्षी सहाबांनी (रजि.) विचारले की, यंदाही तसेच करावे काय? तेव्हा प्रेषितांनी (स.) खाण्याची, खाऊ घालण्याची आणि साठवण्याचीही परवानगी दिली, आणि त्या वर्षी लोक हलाखीत होते म्हणून गरजूंना मदत व्हावी हा आपला हेतू होता, असे स्पष्ट केले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हा विषय आला आहे.

यात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. नियमात दिवसांची मर्यादा होती. परिस्थिती बदलताच ती मर्यादा उठली. आणि दोन्ही वर्षांत मूळ हेतू एकच राहिला: माझ्या घरातील सुबत्तेमुळे शेजारी उपाशी राहू नये. सहाबांची (रजि.) वृत्तीही पाहावी. पहिल्या वर्षी त्यांनी पालन केले, दुसऱ्या वर्षी विचारणा केली. ‘मागच्या वर्षी उगाच त्रास दिला,’ असे कोणी म्हटले नाही.

अर्थात प्रेषितांची (स.) आज्ञा आणि आरोग्य विभागाचे परिपत्रक यांना एका पंक्तीत बसवता येत नाही. पहिल्याचा आधार अल्लाहचे मार्गदर्शन आहे, तर दुसरा मर्यादित मानवी ज्ञानाचा प्रयत्न आहे आणि त्यात चूक संभवते. परंतु नियम बदलणे हे त्याच्या खोटेपणाचे लक्षण नव्हे, एवढा धडा या प्रसंगातून निश्चितच मिळतो.

हजरत उमर (रजि.) यांचा आदर्श

हिजरी 18 च्या सुमारास (इ.स. 639) शाम प्रदेशात प्लेगची भीषण साथ आली. पॅलेस्टाइनमधील अम्वास या गावावरून ती इतिहासात ओळखली जाते. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग येथे पोहोचले असता त्यांना साथीची वार्ता समजली. त्यांनी आधी मुहाजिर आणि नंतर अन्सार सहाबांचा सल्ला घेतला. दोन्ही वेळा मतभेद झाले. मग कुरैशच्या ज्येष्ठांनी एकमताने परत फिरण्याचा सल्ला दिला आणि खलिफांनी तो स्वीकारला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पलायन नव्हे काय? खलिफांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. त्यानंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी प्रेषितांची (स.) हदीस सांगितली: जेथे साथ असेल तेथे जाऊ नये आणि आपण असू तेथे साथ आली तर तेथून पळ काढू नये.

निर्णय आधी झाला आणि त्याला दुजोरा देणारे ज्ञान नंतर मिळाले, ही बाब महत्त्वाची आहे. हजरत उमर (रजि.) संपूर्ण माहिती मिळेपर्यंत थांबून राहिले नाहीत. जेवढे ज्ञात होते तेवढ्यावर जाणत्यांशी विचारविनिमय करून त्यांनी प्राणरक्षणाचा मार्ग निवडला. साथ सुरू असताना त्यांनी लष्कराला सखल, दमट भागातून उंच व मोकळ्या जागी हलवण्याची सूचना केली, असेही इतिहासकार नोंदवतात. हजरत अबू उबैदा (रजि.) आणि हजरत मुआज बिन जबल (रजि.) या साथीत निवर्तले. त्यानंतर हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांवर विखरून राहण्यास सांगितले आणि साथ ओसरली. एकाच साथीत उपाय बदलत गेले, उद्देश मात्र बदलला नाही.

वारसाहक्काच्या एका प्रकरणात हजरत उमर (रजि.) यांनी एक निवाडा दिला आणि पुढे तशाच प्रकरणात वेगळा. विचारणा झाली तेव्हा त्यांनी सांगितले की, तो त्या वेळचा निवाडा होता आणि हा आजचा आहे. यावरून फिक्हच्या विद्वानांनी तत्त्व मांडले की, नंतरच्या इज्तिहादमुळे आधीचा इज्तिहाद रद्द होत नाही. याच न्यायाने मे 2020 मध्ये सतरा दिवस घरात राहिलेला माणूस फसवला गेला नाही आणि जानेवारी 2022 मध्ये सात दिवसांनी बाहेर पडलेला माणूसही बेफिकीर ठरत नाही. दोघांनी आपापल्या वेळच्या ज्ञानानुसार कर्तव्य पार पाडले.

मग पाळायचे काय?

पहिली बाब, मूळ हेतू ओळखावा. स्वतःचे नुकसान होऊ देऊ नये आणि इतरांचेही करू नये, हा प्रेषितांनी (स.) दिलेला मूलभूत नियम आहे. आजारी जनावरांच्या मालकाने ती निरोगी जनावरांत आणू नयेत, असेही त्यांनी शिकवले. जनावरांबाबत एवढी दक्षता असेल, तर माणसांबाबत किती असावी? शेजाऱ्याचे आरोग्य ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. दिवस सात असोत वा सतरा, ही अमानत बदलत नाही.

दुसरी बाब, जाणत्याला विचारावे. सूरह अन्-नहलच्या 43 व्या आयतीत ठाऊक नसल्यास ज्ञानी लोकांना विचारण्याचा आदेश आहे. सूरह अन्-निसाच्या 83 व्या आयतीत भीतीची वा निर्धास्ततेची बातमी कानावर येताच पसरवणाऱ्यांना दोष दिला आहे आणि ती जबाबदार व जाणत्या लोकांकडे न्यावी असे सांगितले आहे. मोबाईलवरील संदेश पुढे पाठवण्यापूर्वी ही आयत आठवावी. दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, हे गावातील आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

तिसरी बाब, सोयीचा नियम शोधू नये. कामावर जायचे असेल तेव्हा सात आणि कामावर जायचे नसेल तेव्हा चौदा, अशी निवड म्हणजे नियमाच्या नावाखाली मनाच्या इच्छेचे पालन होय. चालू नियम कोणता, हे शोधूनही कळत नसेल, तर संशयाची बाजू सोडून खात्रीची बाजू धरावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

चौथी बाब, जुमा व जमाअत चुकल्याचे दुःख करू नये. आजार हे शरीअतने मान्य केलेले कारण आहे. प्रकृती ठीक असताना मनुष्य जी सत्कर्मे करीत असे, त्यांचे पुण्य आजारपणातही त्याच्या नावे लिहिले जाते, असे हदीसमध्ये आहे. साथीच्या काळात संयमाने आणि अल्लाहवरील विश्वासाने आपल्या जागी थांबणाऱ्यास शहीदासमान पुण्याची शुभवार्ता दिली आहे. इतरांच्या रक्षणासाठी घरी अदा केलेली जोहरची नमाज कमी प्रतीची नाही.

समाजाची जबाबदारी

दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात, तेथे स्वतंत्र खोली कोठून आणावी? फडावरच्या कोपीत तर भिंतही नसते. अल्लाहने शक्य तेवढेच पालन सांगितले आहे (सूरह अत्-तगाबुन, आयत 16). अशा माणसाने निदान तोंड झाकावे, भांडी व अंथरूण वेगळे ठेवावे, वृद्धांपासून दूर राहावे. परंतु त्याला शक्य नाही ते शक्य करून देणे हे इतरांचे कर्तव्य आहे. ज्याची मजुरी बुडते, त्याच्या चुलीची काळजी मोहल्ल्याने वाहिली नाही, तर तो आजार लपवील, आणि त्या लपवण्याच्या दोषात आपलाही वाटा असेल. मशिदीच्या समितीने अशा घरांसाठी शिधा, औषध आणि थोडी रोख मदत बाजूला ठेवावी. हकदारांना जकात देता येते, इतरांसाठी सदका आहे. आजाऱ्याची विचारपूस हा त्याचा हक्क आहे, तो दारापासून किंवा दूरध्वनीवरूनही पूर्ण करता येतो. बरे झालेल्या माणसाला टाळणे मात्र नियमही नव्हे आणि धर्मही नव्हे.

पुढची साथ कोणती आणि केव्हा येईल, हे अल्लाहच जाणतो. तिचेही नियम आरंभी अपुरे असतील आणि ज्ञान वाढेल तसे बदलतील. त्या वेळी बदलाची थट्टा करण्याऐवजी विचारणारे, पाळणारे आणि अडलेल्याला सावरणारे लोक आपल्यातून निर्माण व्हावेत. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.