विजेच्या पंपावरील टाइमर

वीज जाऊन पुन्हां आली म्हणजे एका रोहित्रावरील सर्व ऑटोस्विच एकाच क्षणीं आपापले पंप चालू करितात. मोटर सरळ जोडणीनें सुरू होतांना नेहमींच्या सुमारें सहापट प्रवाह ओढते. त्यायोगें दाब एकदम उतरतो, आणि ऐन भरणीच्या दिवसांत रोहित्र किंवा मोटर जळून उभें पीक वाळतें. म्हणूनच महावितरणनें ऑटोस्विच काढण्याविषयीं वारंवार बजाविलें आहे. रात्रीच्या पाळीमुळें ज्यांस तो ठेवणें भागच पडतें, त्यांनीं निदान त्यास टाइमर जोडावा, असें आमचें मत आहे.

टाइमर म्हणजे कालविलंब रिले. एका प्रकारांत वीज मिळाल्यावर ठराविक वेळ लोटल्याखेरीज काँटॅक्ट पालटत नाहीं. दुसऱ्यांत वीज काढून घेतल्यावरही तो ठराविक वेळ टिकून राहतो. ऑटोस्विचकरितां पहिलाच पाहिजे. मध्यें वीज गेल्यास त्याची मोजणी मुळापासून सुरू होते, हा त्याचा मोठाच गुण होय. कारण विजेचा लपंडाव चालू असेपर्यंत मोटर सुरूच होत नाहीं. शेजाऱ्यांनीं आपसांत ठरवून एकानें १ मिनिट, दुसऱ्यानें २, तिसऱ्यानें ३ असा वेळ लावावा. सर्वांनीं एकच वेळ लावल्यास टाइमर असून नसून सारखाच. (पाळीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या गांवांत हें कितपत जमेल, याची महसूल खात्यांत चाकरी केलेल्या आम्हांस कल्पना आहे, तरीही तें जमविलें पाहिजे.)

स्टार-डेल्टा स्टार्टरमधील टाइमरचें काम निराळें. १० अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारें १४ अँपिअर घेते, व सरळ सुरू केल्यास ८० च्या वर. स्टार जोडणींत हा आकडा एकतृतीयांशावर येतो. परंतु मोटरचा जोरही तितकाच घटतो. वेळ फार थोडा ठेविल्यास गति येण्यापूर्वींच डेल्टा लागून झटका बसतो. फार ठेविल्यास मोटर कमी जोरावर राबून तापते. अँपिअर दाखविणारा कांटा उतरून स्थिर होण्यास जितके सेकंद लागतील, तितकेच ठेवावे.

विकत घेतांना कॉइल २४० व्होल्टची कीं ४१५ ची, हें प्रथम पाहावें. न्यूट्रलचा भरंवसा नसेल तेथें दोन फेजांवर चालणारी ४१५ चीच घ्यावी. टाइमरच्या काँटॅक्टवर मोटरचा भार कधींही देऊं नये. त्यानें फक्त काँटॅक्टरची कॉइल चालवावी. ८ सेकंदांच्या कामास ३० मिनिटांचा टाइमर घेऊं नये, कारण त्यावर सेकंद नीट लावतां येत नाहींत. जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडून करवावी, आणि वेळ बदलण्याकरितां पेटी उघडण्यापूर्वीं मेन स्विच पाडावा.