पाहावयाचे ग्रंथ

घरात भिंतीवर टांगलेले पंचांग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचून काढणारा मनुष्य तुम्ही कधी पाहिला आहे काय? बहुधा नसेलच. ज्या दिवसाची तिथी हवी असेल, तो दिवस आपण शोधतो, तिथी पाहतो आणि पंचांग पुन्हा खुंटीला लावतो. आगगाडीच्या वेळापत्रकाचेही तसेच. सफाळ्याहून विरारकडे जाणाऱ्याला डहाणूकडील गाड्यांच्या वेळा पाठ करण्याचे कारण नसते. त्याला हवी असते ती एकच ओळ.

यावरून ग्रंथांचे दोन वर्ग सहज ध्यानात येतील. काही ग्रंथ वाचावयाचे असतात, तर काही पाहावयाचे असतात. कथा, चरित्रे, प्रवासवर्णने हे वाचावयाचे ग्रंथ होत. शब्दकोश, ज्ञानकोश, नकाशांची पुस्तके, वेळापत्रके हे पाहावयाचे ग्रंथ. त्यांना संदर्भग्रंथ असे म्हणतात. वाचावयाचे ग्रंथ कसे वाचावे हे आपण शाळेत शिकतो. परंतु पाहावयाचे ग्रंथ कसे पाहावे, हेही शिकावेच लागते.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. संस्कृत शिकणारे विद्यार्थी पूर्वी अमरकोश मुखोद्गत करीत. शिवछत्रपतींनी राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रघुनाथपंडितांकडून तयार करवून घेतला. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. विसाव्या शतकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले.

या सर्व ग्रंथांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाची स्वतःची एक मांडणी आहे. अमरकोशात शब्द विषयवार लावलेले आहेत. स्वर्गाचे शब्द एका वर्गात, वनस्पतींचे दुसऱ्या वर्गात. मोल्सवर्थच्या कोशात शब्द वर्णानुक्रमाने येतात. ज्याला वर्णमालेचा क्रम नीट ठाऊक नाही, त्याच्यापुढे तो कोश उघडा ठेवला तरी तो बंद असल्यासारखाच आहे. म्हणून कोणताही संदर्भग्रंथ हाती घेतला की प्रथम त्याची मांडणी समजून घ्यावी.

आज आपण एका नव्या प्रकारच्या संदर्भग्रंथाची ओळख करून घेणार आहोत. तो कागदावर छापलेला नाही. तो संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर उघडतो.

इंटरनेटवरील जी पाने आपण ब्राउझरमधून पाहतो, ती तीन भाषांच्या साहाय्याने तयार होतात. पानावर काय असावे हे एचटीएमएल सांगते. ते कसे दिसावे हे सीएसएस सांगते. आणि त्याने काय करावे हे जावास्क्रिप्ट सांगते. कळ दाबताच बेरीज करणे, चुकीची माहिती भरल्यास सूचना देणे, चित्र हलवणे ही कामे जावास्क्रिप्टची. १९९५ साली नेटस्केप या कंपनीत काम करीत असताना ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला. १९९७ साली तिचे नियम एका मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ती इतकी वाढली आहे, की तिच्यातील प्रत्येक शब्दाचे वर्तन तोंडपाठ ठेवणे कोणालाही शक्य नाही. अनुभवी जाणकारसुद्धा काम करताना एका खिडकीत आपला प्रोग्राम व दुसऱ्या खिडकीत संदर्भ उघडा ठेवतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

या भाषेचा संदर्भ मुख्यतः दोन ठिकाणी मिळतो. पहिले ठिकाण म्हणजे वर सांगितलेले मानक. ते कायद्याच्या पुस्तकासारखे आहे. त्यातील शब्द अखेरचा, पण समजण्यास कठीण. मुख्यतः ब्राउझर तयार करणाऱ्यांसाठी ते लिहिलेले असते. दुसरे ठिकाण म्हणजे एमडीएन या नावाने ओळखला जाणारा संदर्भकोश. तो २००५ साली मोझिला या संस्थेने सुरू केला. जगभरचे जाणकार त्यात भर घालतात, चुका सुधारतात आणि तो सर्वांना विनामूल्य पाहता येतो. पाने लिहिणाऱ्यांसाठी तो उपयुक्त आहे.

हा कोश प्रत्यक्ष कसा उपयोगी पडतो, हे एका उदाहरणाने पाहू.

पालघर तालुक्यातील माकुणसार गावी एक सातवीतील मुलगी राहते, अशी कल्पना करा. सफाळे-केळव्याच्या या किनारपट्टीवर दिवसाचे गणित घड्याळाइतकेच समुद्रावर चालते. पाणी ओसरले म्हणजे शिंपल्या व कालवे गोळा करण्यासाठी बायका खाडीत उतरतात, आणि पाणी चढू लागण्यापूर्वी त्यांना परतावे लागते. तिची आत्याही त्यांच्यापैकीच एक. भरतीची वेळ काढण्याची कोकणात एक जुनी, ढोबळ रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सुमारे सहा वाजता. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते.

मुलीने ठरवले, की आत्यासाठी एक पान तयार करावे. चौकटीत भरतीची वेळ लिहिली, की पानाने ओहोटीची वेळ दाखवावी. सोयीसाठी तिने सव्वासहाऐवजी सहाच तास धरले. लिहिलेल्या अंकात सहा मिळवा, एवढाच प्रोग्राम! तिने चौकटीत १ लिहिले. पानाने उत्तर दिले : १६.

“आत्या, बघ! रात्री एकची भरती असली तर ओहोटी सोळा वाजता, म्हणजे दुपारी चारला,” मुलगी आनंदाने म्हणाली.

आत्या पडद्याकडे न पाहताच म्हणाली, “चारला कशी असेल गं? एकची भरती तर ओहोटी सकाळी सातची. मग दुपारी पुन्हा पाणी भरते. चारला अजून उतरतच असते ते. तुझ्या पानावर विसंबून कोणी चारला खाडीत उतरले, तर काय होईल?”

मुलगी गप्प झाली. तिने चौकटीत ३ लिहून पाहिले. या वेळी उत्तर आले ३६! आता तर चूक उघडच होती, कारण छत्तीस वाजण्याचे घड्याळ जगात कोठेही नाही. पण १६ हे उत्तर मात्र खरे वाटण्याजोगे होते. जी चूक चुकीसारखी दिसत नाही, तीच अधिक घातक.

तिचा दादा पालघरला महाविद्यालयात शिकतो. तिने त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “उत्तर मी सांगणार नाही. ते जेथे लिहिलेले आहे, तेथे कसे पोहोचायचे एवढे सांगतो. आधी मला सांग, तुझ्या ओळीत किती वस्तू आहेत?”

मुलीने विचार केला. “दोन. एक चौकटीतून आलेली किंमत आणि दुसरे अधिक हे चिन्ह. सहा तर मीच लिहिले आहेत.”

“मग त्या दोन्ही वस्तू कोशात पाहा. ‘माझे पान चुकते’ असे कोशाला विचारू नये. वस्तूचे नाव घेऊन विचारावे.”

तिने एमडीएनमध्ये चौकटीच्या किमतीची नोंद काढली. तेथे लिहिले होते, की चौकटीतील किंमत स्ट्रिंग म्हणून मिळते. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. याचा अर्थ असा, की तिने लिहिलेला १ हा तिला अंक वाटला, तरी प्रोग्रामच्या दृष्टीने ते एक अक्षर होते. मग तिने अधिक चिन्हाची नोंद पाहिली. तेथे सांगितले होते, की दोन्ही बाजूंना अंक असतील तर हे चिन्ह बेरीज करते. परंतु एका जरी बाजूला स्ट्रिंग असेल, तर ते दोन्ही एकापुढे एक जोडते. एकापुढे सहा जोडले, झाले सोळा! पान खोटे बोलत नव्हते. त्याला जे सांगितले, तेच ते करीत होते.

उपाय त्याच कोशात होता. स्ट्रिंगचे अंकात रूपांतर करणारे ‘नंबर’ नावाचे एक फंक्शन आहे. मुलगी ते घाईने लिहू लागली, तेव्हा दादाने तिला थांबवले. “नोंद पुरती वाच. ती काय घेते, काय परत देते आणि केव्हा फसवते, या तीन गोष्टी कळल्याशिवाय नोंद वाचली असे म्हणू नये.”

नोंदीत खाली लिहिले होते, की रिकाम्या स्ट्रिंगचे रूपांतर शून्य होते, आणि जिचा अंक होऊच शकत नाही अशा स्ट्रिंगबद्दल ‘अंक नव्हे’ अशा अर्थाची एक विशेष किंमत मिळते. मुलीच्या लगेच ध्यानात आले, की कोणी चौकट रिकामी ठेवून कळ दाबली, तर शून्य अधिक सहा मिळून पान ‘ओहोटी सहा वाजता’ असे ठामपणे सांगेल. ही दुसरी लपलेली चूक. तिने आधी चौकट रिकामी आहे का हे तपासून, असल्यास ‘भरतीची वेळ लिहा’ अशी सूचना देण्याची व्यवस्था केली.

आता आत्याने स्वतः पान वापरून पाहिले. मोबाइलवरील मराठी कळफलकावर तिने देवनागरी ३ लिहिला. पानाने पुन्हा ‘अंक नव्हे’ असेच दाखवले!

“अंक नाही कसा? तीनच लिहिले आहेत मी,” आत्या म्हणाली.

तिचे म्हणणे खरेच होते. या प्रश्नाचे नेमके उत्तर मानकात सापडते. अंकात रूपांतर करताना केवळ इंग्रजी आकडेच ग्राह्य मानावेत, असा तेथे नियम आहे. देवनागरी आकडे त्यात बसत नाहीत. मुलीने मग रूपांतरापूर्वी प्रत्येक देवनागरी आकड्याच्या जागी त्याच किमतीचा इंग्रजी आकडा ठेवणारे एक लहानसे फंक्शन लिहिले. आत्याला आता आपल्या आकड्यांत वेळ लिहिता येऊ लागली. ३ लिहिले की ९ आणि १ लिहिले की ७.

तरीही मुलीने पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली : ‘ही वेळ ढोबळ आहे.’ हे तिने योग्यच केले. भरती-ओहोटीच्या अधिकृत वेळांची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग प्रतिवर्षी प्रसिद्ध करतो. तीही पाहावयाच्या ग्रंथांतच मोडतात. जेथे जिवाचा प्रश्न असतो, तेथे ढोबळ रीतीवर न थांबता अधिकृत कोष्टक पाहावे आणि खाडी जाणणाऱ्या मनुष्याचे ऐकावे. पहिली चूक कोशाने नव्हे, आत्याने पकडली होती, हे विसरू नये. अनुभवाने चूक कळते, संदर्भाने तिचे कारण कळते. दोन्हींची गरज आहे.

संदर्भ पाहताना आणखी दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली अशी, की भाषा बदलत असते. नव्याने आलेला शब्द जुन्या मोबाइलमधील ब्राउझरला समजेलच असे नाही. म्हणून एमडीएनमध्ये बहुतेक नोंदींच्या शेवटी, कोणता ब्राउझर कोणत्या आवृत्तीपासून ती गोष्ट समजतो, याचे कोष्टक दिलेले असते. ते पाहावे. दुसरी अशी, की कोशातील उदाहरण जसेच्या तसे उतरवून घेऊन समाधान मानू नये. त्यातील एक अंक बदलावा, एक ओळ काढून टाकावी, आणि काय होते ते पाहावे. जे उदाहरण आपण स्वतः मोडून पुन्हा जोडले, तेच आपले झाले.

या कोशाची मूळ भाषा इंग्रजी आहे. त्यामुळे तुमच्यापैकी कित्येकांना तो आरंभी अवघड वाटेल. शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवून वाचावे आणि समजलेली प्रत्येक नोंद आपल्या वहीत मराठीत लिहून ठेवावी. वस्तूचे नाव, ती काय घेते, काय परत देते, केव्हा फसवते आणि एक लहान उदाहरण, एवढे पुरे. अशी वही वर्षभर लिहिली, तर तो तुमचा स्वतःचा लहानसा कोश होईल. तुमच्यानंतर शिकणाऱ्या धाकट्या भावंडांच्या हाती ती वही पडली, तर त्यांना पहिल्या पायरीपाशी अडून बसावे लागणार नाही. मोठमोठे कोशसुद्धा अशाच एकेका नोंदीने वाढले आहेत.

स्वाध्याय

१. ‘वाचावयाचे ग्रंथ’ आणि ‘पाहावयाचे ग्रंथ’ यांतील फरक दोन-दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

२. अमरकोश आणि मोल्सवर्थचा शब्दकोश यांच्या मांडणीत कोणता भेद आहे?

३. कारणे लिहा : (अ) ३६ या उत्तरापेक्षा १६ हे उत्तर अधिक घातक होते. (आ) आत्याने लिहिलेला ३ पानाने अंक मानला नाही.

४. चौकट रिकामी ठेवल्यास पान कोणते उत्तर देईल, आणि का? मुलीने त्यावर कोणता उपाय केला?

५. ‘अनुभवाने चूक कळते, संदर्भाने तिचे कारण कळते.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या घरातील किंवा गावातील एखाद्या उदाहरणाने सांगा.

६. पुढील शब्द शब्दकोशातील क्रमाने लावा : खाडी, ओहोटी, ज्ञान, भरती, अंक, पंचांग, तिथी.

७. उपक्रम : तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातील कोणताही एक संदर्भग्रंथ पाहा. त्याची मांडणी कशी आहे आणि त्यातील एक नोंद शोधण्यास तुम्हाला कोणत्या पायऱ्या चढाव्या लागल्या, ते दहा ओळींत लिहा.