आखूड पंखांचा भुंगेरा: पेडेरस

पावसाळ्यात कधीकधी सकाळी उठल्यावर मानेवर किंवा गालावर लाल पट्टा उमटलेला दिसतो. आग होते, बारीक फोड येतात. घरची माणसे म्हणतात, ‘नागीण झाली.’ पण पुष्कळदा ती नागीण नसते. आदल्या दिवशी दिव्याकडे आलेला आणि अंगावर नकळत चिरडला गेलेला एक भुंगेरा याला कारण असतो. त्याचे शास्त्रीय नाव पेडेरस.

त्याला ओळखायचे कसे? भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख कठीण, ढालीसारखे असतात. बहुतेक भुंगेऱ्यांत ते सबंध पोट झाकतात. स्टॅफिलिनिडी कुलात मात्र ते आखूड असतात आणि पोटाचे बरेच खंड उघडे राहतात. या कुलात ६०,०००हून अधिक जाती आहेत. उंच पर्वतांवरील अरण्यांपासून सपाट मैदानांपर्यंत, पालापाचोळ्यात त्या आढळतात. भारतीय जातींची वर्णने माल्कम कॅमरन यांनी १९३० ते १९३९ या काळात ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

पेडेरस सुमारे ७ ते १० मिलिमीटर लांब व सडपातळ असतो. डोके काळे, छाती नारिंगी, आखूड पंख निळसर चकाकणारे, पोट नारिंगी आणि त्याचे टोक काळे. प्रथमदर्शनी तो मोठ्या मुंगीसारखा वाटतो. पण मुंगीची बारीक कंबर त्याला नसते. डिवचल्यास तो शेपटाकडची बाजू विंचवासारखी वर उचलतो. मात्र त्याला नांगी नसते, आणि तो आपल्याला चावतही नाही.

मग आग कशाने होते? त्याच्या शरीरद्रवातील पेडेरीन या विषाने. भुंगेरा चिरडला की हा द्रव त्वचेला लागतो. परिणाम मात्र साधारण एका दिवसाने दिसतो. म्हणूनच खरा गुन्हेगार सापडत नाही! हे विष भुंगेऱ्याच्या शरीरात राहणारे जीवाणू तयार करतात, असे २००२ साली यॉर्न पील यांनी दाखवून दिले.

पेडेरसला ओलावा हवा असतो. गोदावरीकाठच्या गंगाखेडसारख्या गावी नदीकाठचा पाचोळा, ओलिताची शेते आणि कालव्यांच्या कडा शोधण्याजोग्या आहेत. एक सोपा अभ्यास करा. नदीकाठचा ओंजळभर पाचोळा आणि कोरड्या माळावरचा तेवढाच पाचोळा दोन पांढऱ्या कागदांवर पसरा. आखूड पंखांचे किती भुंगेरे कोठे निघतात ते मोजा. तारीख, ठिकाण आणि ओलावा वहीत लिहा. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून व चिमट्याने करावे. अशा नोंदी साठत गेल्या की एखादा कीटक कोठवर पसरला आहे ते कळते.

अंगावर पेडेरस बसला तर चापट मारू नका. फुंकर मारून उडवा किंवा कागदावर घेऊन बाहेर सोडा. द्रव लागल्यास ती जागा लगेच साबणाने धुवा. तो हात डोळ्याला लावू नका. डोळ्याला त्रास झाल्यास डॉक्टरांकडे जा. रात्री अंथरुणाजवळ दिवा ठेवू नका, मच्छरदाणी लावा.

आणि सरसकट औषध फवारून त्याचा नाश करण्यापूर्वी थोडा विचार करा. हा भुंगेरा मावा, तुडतुडे आणि इतर बारीक किडी खातो. शेतात तो शेतकऱ्याचा मदतनीस आहे. आपल्याला जपायचे आहे ते एवढेच, की तो आपल्या कातडीवर चिरडला जाऊ नये.