मुलाने कोणत्या क्रीडामंडळात खेळावे?

मुलासाठी शाळा निवडताना पालक चार जाणत्यांना विचारतात. शिकवणी लावताना गुरुजींची चौकशी करतात. परंतु सायंकाळी मूल ज्या मैदानावर रोज दोन तास घालविते, त्या मैदानाची चौकशी करणारे पालक थोडेच. जे मंडळ घराजवळ, किंवा ज्या मंडळाने गेल्या वर्षी ढाल जिंकली, त्यात मुलाचे नाव घातले म्हणजे काम झाले अशी आपली समजूत असते. वास्तविक त्या दोन तासांत मुलाच्या शरीराला जसे वळण लागते तसेच मनालाही लागते. म्हणून क्रीडामंडळ कसे निवडावे, याचा थोडा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

पांढुर्णा व सौंसर हा आपला मुलूख संत्र्याच्या बागांचा आणि कपाशीचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सीमा बदलल्या, कचेऱ्या बदलल्या. पण दिवेलागणीच्या सुमारास मैदानावरून येणारी 'खो'ची आरोळी मराठी मुलाच्या तोंडची असो वा हिंदी मुलाच्या, दोघांनाही सारखीच समजते. बलोपासनेचे संस्कारही येथे जुने आहेत. सौंसरजवळच्या जामसावळीला पहुडलेल्या मारुतीचे दर्शन घेण्यास दूरदूरचे लोक येतात. वरुडमार्गे गेल्यास अमरावती लागते. तेथे अनंत कृष्ण वैद्य व अंबादास कृष्ण वैद्य या बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि १९३६ साली या मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. अशा शेजारात राहणाऱ्या मुलाला खेळाची ओढ असावी यात नवल नाही. प्रश्न आहे तो त्या ओढीला वळण कोण लावणार, हा.

याच संदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची आठवण होते. त्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. आपल्या पांढुर्ण्यात त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून गोटमार चालते. परंपरा जुनी आहे आणि तिच्यावर लोकांची श्रद्धाही आहे; तथापि तिच्यात कित्येक जण जायबंदी झाले आणि काहींचे प्राणही गेले, हेही तितकेच खरे आहे. प्रशासनाने एकदा दगडांच्या जागी रबरी चेंडू देऊन पाहिले, परंतु लोक पुन्हा दगडांकडेच वळले. आम्हास यातून एक धडा दिसतो. फेकणारा हात तोच असतो, नेम तोच असतो, ईर्षाही तीच असते. केवळ दगडाऐवजी चेंडू हाती दिल्याने झुंजीचा खेळ होत नाही. दोन्ही बाजूंनी मानलेला नियम मध्ये उभा राहतो, तेव्हाच तो खेळ होतो. आणि नियम हा दुबळ्याच्या रक्षणासाठी असतो. बलवानाला त्याची गरज क्वचितच वाटते.

म्हणून मंडळ पाहावयास जाल तेव्हा ढाली व चषक यांच्या कपाटाकडे पाहू नका, दोन मुलांकडे पाहा: एक, तेथील सर्वांत कच्चा खेळाडू, आणि दुसरा, तेथील सर्वांत तरबेज खेळाडू. या दोघांना मंडळ कसे वागविते यावरून त्याची खरी परीक्षा होते. मधल्या मुलांचे सहसा बरे चाललेले असते. हानी होते ती या दोन टोकांची.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आम्ही विद्यार्थी असताना एका कबड्डीच्या संघात आमचे नाव होते. नाव होते, एवढेच. संपूर्ण हंगामभर आम्ही पाण्याची घागर भरली, इतरांच्या चपला राखल्या आणि अखेरीस संघाच्या छायाचित्रात मागच्या रांगेत उभे राहिलो. मैदानात पाऊल टाकण्याची पाळी एकदाही आली नाही. त्याच संघात एक उत्तम चढाईपटू होता. अंतिम सामन्यापूर्वी त्याचा गुडघा सुजला होता. तरी 'एवढा एक सामना' म्हणून त्याला खेळविले. ढाल मिळाली. तो मात्र पुढील वर्षी मैदानावर आला नाही, आणि त्यानंतरही कधी आला नाही. आमच्या मनातून खेळाची गोडी गेली, त्याच्या पायातून बळ गेले. आणि मंडळाच्या अहवालात ते वर्ष यशाचे म्हणून नोंदले गेले.

आता पहिल्या मुलाचा, म्हणजे कच्च्या खेळाडूचा विचार करू. काही खेळांची रचनाच अशी असते की त्यात कोणी निरुपयोगी राहू शकत नाही. खो-खो पाहा. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पट्टीत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा मध्येच सोडून मागे फिरताही येत नाही. म्हणून तो कितीही चपळ असला तरी त्याला बसलेल्याची मदत घ्यावीच लागते. बसलेल्याला 'खो' केव्हा मिळेल हे ठाऊक नसते. म्हणून त्याला सतत सावध राहावे लागते. मोठ्यांची पाळी नऊ मिनिटांची असते, लहानांची सात मिनिटांची. तेवढ्या वेळात आळीपाळीने सर्वांच्याच पायांना काम मिळते. आठांपैकी एक जरी उठण्यास चुकला तरी सर्व साखळी तुटते. अर्थात संघात घेतलेला गडीच बसतो; संघाबाहेर ठेवलेल्या मुलाला ही रचना काय करणार? तेथे मंडळाचा स्वतःचा नियम लागतो.

असा नियम लिहून ठेवल्याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथे मुलांचा आवडता खेळ बेसबॉल. १९३९ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने केवळ तीन संघ जमवून मुलांसाठी 'लिटल लीग' सुरू केली. आज ती अनेक देशांत पसरली आहे. परदेशी स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांतील मुलेही आता बेसबॉल खेळतात, आणि आपल्याकडील शालेय स्पर्धांतही बेसबॉल व सॉफ्टबॉल यांना स्थान आहे. या लीगमध्ये साखळी सामन्यांसाठी असा दंडक आहे की, यादीत नाव असलेल्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात निदान एकदा फलंदाजी मिळाली पाहिजे आणि प्रतिपक्षाचे सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षणासाठी मैदानात उभे राहावयास मिळाले पाहिजे. मूल कच्चे असो, पक्के असो. नियम सर्वांना एकच. पाण्याची घागर भरून हंगाम संपविण्याची वेळ तेथे कोणावर येऊ नये, हा त्यामागील हेतू. आपल्या मंडळातही असा नियम करण्यास पैसा लागत नाही. केवळ मन लागते.

आता दुसऱ्या, म्हणजे तरबेज मुलाकडे वळू. त्याला शत्रू फार असतात, आणि ते सर्व त्याचे कौतुक करणारेच असतात. बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे जोराने चेंडू फेकणारा जो गडी असतो, त्याच्या खांद्यावर व कोपरावर मोठा ताण पडतो. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. त्यांवर हा ताण वारंवार पडला तर कायमची इजा होऊ शकते. म्हणून लिटल लीगने २००७ सालापासून एका दिवसात किती चेंडू फेकावे याची मर्यादा ठरवून दिली. सात-आठ वर्षांच्या मुलाने पन्नास, नऊ-दहा वर्षांच्याने पंचाहत्तर, अकरा-बारा वर्षांच्याने पंच्याऐंशी. याहून अधिक नाही. फेकलेल्या चेंडूंच्या संख्येप्रमाणे पुढे विश्रांतीचे दिवसही नेमलेले आहेत. सामना कितीही रंगात आलेला असो, मर्यादा संपली की सर्वांत गुणी मुलाच्या हातातून चेंडू काढून घेतला जातो. हा नियम मुलाविरुद्ध नाही. मोठ्यांच्या लोभाविरुद्ध आहे. आपल्याकडे क्रिकेटमध्ये जलद गोलंदाजी करणाऱ्या मुलाला आणि कबड्डीत लागोपाठ चढाया करणाऱ्या मुलाला हीच काळजी लागू आहे. दुखापत झालेल्या मुलाला बसविण्याचे धैर्य ज्या मार्गदर्शकाजवळ आहे, त्याच्याजवळ मूल निर्धास्तपणे सोडावे.

वयाची व शरीराची जोडही तशीच पाहावी. लिटल लीगमध्ये लहानांसाठी एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंतचे अंतर साठ फूट असते, तर मोठ्यांच्या मैदानावर ते नव्वद फूट असते. म्हणजे मुलाला मैदानाच्या मापाचे करण्याऐवजी त्यांनी मैदानच मुलाच्या मापाचे केले. आपल्या शालेय स्पर्धांत चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे गट असतात, आणि कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा पाळतात. जे मंडळ सरावाच्या वेळी बारा वर्षांच्या मुलाला अठरा वर्षांच्या दांडग्यापुढे उभे करते, किंवा जिंकण्यासाठी मुलाचे वय खोटे लिहिते, ते कितीही नामांकित असले तरी त्याच्या वाटेस जाऊ नये. खोट्या वयाने मिळविलेली ढाल मुलाला खोटेपणाचा पहिला धडा देते.

यानंतरच्या गोष्टी डोळ्यांनी दिसणाऱ्या आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात चिखल होते. मैदान खडे वेचून सारखे केलेले आहे ना, खो-खोचे खांब गुळगुळीत आहेत ना, हे पाहावे. वैशाखातील सराव सकाळी लवकर आटोपतो ना, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी जवळ असते ना, हे विचारावे. वर्गणी किती, बाहेरगावच्या सामन्यांचा खर्च कोणी करावयाचा आणि मुलांबरोबर जबाबदार माणूस कोण जातो, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पालकांनी न सांगता केव्हाही मैदानावर यावे, अशी मोकळीक असली पाहिजे. ज्या मंडळाला पालकांची नजर नकोशी वाटते, तेथे मूल पाठवू नये.

मुलींच्या बाबतीत आपण अजून संकोच करतो. लिटल लीगचे दारही मुलींना १९७४ साली उघडले, म्हणजे स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी. पण काळ थांबत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून विजेतेपद मिळविले. महिला संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. महिलांचा अंतिम सामना ७८ विरुद्ध ४० अशा गुणांनी जिंकला गेला. ज्या खेळाला लागते ती आयताकृती जागा, दोन खांब आणि चपळ पाय, तो खेळ आपल्या मुलींना दूरचा वाटण्याचे कारण नाही. मंडळात मुलींसाठी स्वतंत्र वेळ व जबाबदार मार्गदर्शक आहेत का, हे मात्र अवश्य विचारावे.

विद्यार्थी बंधु-भगिनींनो, आता दोन शब्द तुम्हांसाठी. मंडळ निवडणे हे केवळ आईवडिलांचे काम नाही. मैदानावर काय घडते हे त्यांच्याआधी तुम्हांला कळते. दुखले तर लपवू नका, अपमान झाला तर गिळून बसू नका, घरी सांगा. आणि तुम्ही स्वतः चांगले खेळत असाल, तर चपला राखीत बसलेल्या सोबत्याकडे एकदा वळून पाहा. पुढचा 'खो' त्याला देणे तुमच्याही हाती असते.

पालकांना आमची विनंती एवढीच की, मुलाला एखाद्या मंडळात घालण्यापूर्वी लागोपाठ तीन दिवस, कोणास न कळविता, कडेला उभे राहून तेथील सराव पाहावा. आज सर्वांत कच्चे मूल किती वेळ खेळले? सर्वांत तरबेज मुलाला विश्रांती कोणी दिली? चूक झाली तेव्हा मार्गदर्शकाने कोणते शब्द वापरले? खेळ संपल्यावर मुले हसत घरी गेली की मान खाली घालून? या चार प्रश्नांची उत्तरे जेथे समाधानकारक मिळतील, ते मंडळ लहान असो, त्याच्याजवळ एकही ढाल नसो, तेथे मुलाचे नाव घालावे. ढाल कपाटात राहते. गोडी आणि गुडघा ही दोन्ही मुलाला जन्मभर पुरवावयाची असतात.