आधी त्वचेचा स्वभाव पाहा, मग लेसर

मुरुमांच्या खड्ड्यांवर लेसर करून घ्यायचा विचार असेल, तर यंत्र कोणते यापेक्षा आपली त्वचा जखमेनंतर कशी वागते हे आधी तपासा. तव्याचा चटका बसला किंवा डास चावून खाजवले, की तिथे महिनोन्महिने काळा डाग राहतो का? राहत असेल तर चेहऱ्यावरही तेच घडू शकते, कारण हा लेसर म्हणजे मोजूनमापून दिलेला चटकाच. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०,६०० नॅनोमीटरचा किरण त्वचेतले पाणी शोषून घेते, वरच्या पेशी वाफ होऊन उडतात आणि खाली पोहोचलेल्या उष्णतेने नवे कोलॅजन बनू लागते. खड्डा वर येतो तो या कोलॅजनमुळे. पण तीच उष्णता रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींनाही चेतवते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत त्या लगेच कामाला लागतात.

फ्रॅक्शनल लेसर आल्यापासून हा धोका उरला नाही, असे सांगितले जाते. २००४ साली मांडल्या गेलेल्या या तंत्रात किरण बारीक ठिपक्यांत पडतो, मधली त्वचा शाबूत राहते आणि जखम लवकर भरते. धोका त्याने कमी झाला, हे खरे. पण ठिपके दाट केले की शाबूत जागा कमी होते, उष्णता साचते आणि डागाची शक्यता वाढते. म्हणून एकाच जोरकस सिटिंगपेक्षा विरळ ठिपक्यांची, महिना-दीड महिन्याच्या अंतराने केलेली तीन-चार सिटिंग मला योग्य वाटतात. यात खर्च आणि खेटे वाढतात, ही तक्रार रास्तच आहे. पण पडलेला काळा डाग फिका व्हायलाही कित्येक महिने लागतात. कोलॅजन तर पुढचे तीन ते सहा महिने बनतच राहते, त्याला घाई चालत नाही. सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे असतील तर लेसरवर फार भिस्त ठेवू नका. आणि वांगाचे डाग असतील तर लेसरने ते वाढूही शकतात.

ओठांवर वारंवार तापाचे फोड (जर) उठत असतील, जखमेचा व्रण फुगून वाढत असेल, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या किंवा स्टिरॉइडचे क्रीम चालू असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना आधीच सांगा. नवे मुरूम येत असतील तर ते आधी आटोक्यात आणा. सनस्क्रीन उपचाराच्या काही आठवडे आधीच सुरू करा. उपचारानंतर मात्र जखम भरल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हाच पुन्हा लावा. आणि पूर्ण चेहऱ्याआधी कानाजवळच्या छोट्या जागेवर चाचणी करून चार ते सहा आठवडे थांबायला तयार असलेला डॉक्टर निवडा.