डायलिसिसचा खर्च : पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

डायलिसिसला येणाऱ्या माणसाच्या पिशवीत डब्याशेजारी हल्ली एक बाटली असते. नोनीचा, आवळ्याचा नाहीतर गव्हांकुराचा रस, वर ‘अँटिऑक्सिडंट’ असा ठळक शब्द. ती विकत घेण्याआधी घरचा हिशेब मांडून बघा.

आठवड्याला 3 म्हणजे वर्षाला 156 वेळा मशीनवर बसायचे. एका वेळचे दीड हजार धरले तरी 2,34,000 रुपये होतात. म्हणून पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय असो की सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. रक्तवाढीचे इंजेक्शन, तपासण्या आणि फिस्टुलाचे (हातातली धमनी व शीर जोडण्याचे) ऑपरेशन त्यात धरले आहे का, तेही तिथेच विचारून घ्या. खिसा रिकामा होतो तो या वरखर्चाने. हिंगणघाट-पुलगावहून रेल्वेने येणाऱ्या रुग्णाला आणि सोबत्याला स्लीपरच्या भाड्यात 75 टक्के सवलत मिळते. एसटीच्या सवलतीची चौकशी आगारात करा.

आता ती बाटली. बाटलीवाला सांगतो त्यात निम्मे खरे आहे. यंत्रातल्या कृत्रिम पडद्याला रक्त लागले की पांढऱ्या पेशी चवताळतात आणि ऑक्सिजनचे दाहक कण सोडतात. त्यांना आवरणारे क जीवनसत्त्व डायलिसिसच्या पाण्याबरोबर वाहून जाते. शिरेतून दिलेले लोहही भर घालते. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, आणि तो हृदयाला बाधतो. पण त्यावर उपाय म्हणून रस पिणे घातक ठरू शकते, कारण त्यातले पोटॅशियम साठले तर हृदय बंद पडू शकते. आपल्याकडे कारंजा-आर्वीची संत्री घरोघरी येतात. त्यांनाही हाच नियम. करंबळ तर तोंडालाही लावू नका, किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर त्याचे विष चढते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांनी शरीरात ऑक्झलेट साठते. ई जीवनसत्त्वाचा प्रयोग इस्राएलमध्ये 196 डायलिसिस रुग्णांवर झाला, 2000 साली प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचे झटके कमी झाले, मृत्यू मात्र घटले नाहीत.

तोच पैसा वेळेवर फिस्टुला करण्यात घाला. फिस्टुलाऐवजी मानेत बसवलेल्या नळीला जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि संसर्ग झाला की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणखी भडकतो. भाड्यापायी आठवड्यातली तिसरी पाळी चुकवू नका, पूर्ण 4 तास बसा. बाटली आधीच घेतली असेल, तर न फोडता पुढच्या पाळीला डॉक्टरांना दाखवा.