केमोथेरपीनंतरचा ताप

कर्करोगाच्या रुग्णाला भेटायला आलेल्या नातेवाइकांना मी आधी विचारतो, "हात धुतलेत का?" काहींना राग येतो. पण केमोथेरपीनंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी होतात. अशा वेळी हातांवरचे जंतू सलाईनच्या सुईवाटे किंवा लघवीच्या नळीवाटे रुग्णाच्या शरीरात शिरू शकतात. पेशीच कमी असल्याने पू, सूज फारशी दिसत नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण असते. म्हणून रुग्ण घरी गेल्यावर थर्मामीटर जवळ ठेवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा. प्रतिजैविकाचे इंजेक्शन तासाभरात मिळाले, तर जीव वाचण्याची शक्यता वाढते.